सही बेंटनची, कादंबरी स्टाइनबेकची : १९४० सालच्या एका संचाचे प्रकरण

अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रीत जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चा दोन खंडांचा संच येतो. वर्णन तीन ओळींचे आहे : लिमिटेड एडिशन्स क्लब, न्यूयॉर्क, १९४०. दोन खंड, स्लिपकेससह (खंड सरकवून ठेवायची एका बाजूने उघडी पेटी), कणा कच्च्या कातड्याचा. सही केलेली मर्यादित आवृत्ती, १,१४६ प्रतींपैकी एक, स्थिती उत्तम. सोबत सहा छायाचित्रे : बंद स्लिपकेस, दोन्ही कणे एकत्र, एक पुठ्ठा, शीर्षकपान, एक चित्र, आणि तिरप्या कोनातून टिपलेले शेवटचे पान. परतीची मुदत १४ दिवस.

आवृत्तीचे तपशील खरे आहेत. ही विशिष्ट प्रत मात्र नमुन्यादाखल रचलेली आहे. अशा संचांत नेहमी दिसणारे दोष तिच्यात एकत्र आणले आहेत. खरेदीदारापुढचा प्रश्न साधा आहे : घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कितीला? नवखा संग्राहक सगळा वेळ सहीवर घालवतो. या संचात सहीचा उलगडा सर्वांत लवकर होतो, आणि पैसे अडकतात ते भलतीकडेच.

वर्णनात काय लिहिलेले नाही

“सही केलेली” असे लिहिले आहे, कोणाची ते लिहिलेले नाही. या आवृत्तीवर सही आहे थॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराची. स्टाइनबेकची नाही. विक्रेता खोटे बोलत नाही, पण कादंबरीचे नाव आणि ‘सही’ हे दोन शब्द शेजारी आले की वाचणारा मधली जागा आपल्या मनाने भरतो. या व्यवहारातला सर्वांत महाग गैरसमज हाच.

क्लबची रीतच तशी होती. जॉर्ज मेसीने १९२९ मध्ये न्यूयॉर्कात लिमिटेड एडिशन्स क्लब काढला. सभासद जास्तीत जास्त १,५००, महिन्याला एक पुस्तक, आणि शेवटच्या पानावर चित्रकाराची किंवा पुस्तकाची रचना करणाऱ्याची सही. क्लबची बरीचशी पुस्तके अभिजात साहित्यातली, म्हणजे लेखक केव्हाच वारलेले. मार्क ट्वेन १९१० सालीच गेला होता, त्यामुळे १९३९च्या ‘टॉम सॉयर’वर सही बेंटनचीच असणार, हे कोणाच्याही लक्षात येते. स्टाइनबेक मात्र १९४० साली हयात होता, ऐन भरात होता. कादंबरी १९३९च्या एप्रिलमध्ये व्हायकिंग प्रेसने काढलेली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालेले. म्हणून इथे फसगत होते.

ज्याला स्टाइनबेकचीच सही हवी त्याने हा संच सोडून द्यावा. त्याच्यासाठी १९५२ची ‘ईस्ट ऑफ ईडन’ची सही केलेली मर्यादित आवृत्ती आहे : १,५०० प्रती, त्यातल्या ७५० खाजगी वाटपासाठी. त्याआधीची १९३७ची ‘द रेड पोनी’ ६९९ प्रतींची, तीही लेखकाच्या सहीची. हेमिंग्वे हवा असेल तर स्क्रिब्नरची १९२९ची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ आहे, ५१० क्रमांकित प्रती, लेखकाच्या सहीने. याच्या उलट टोकाला रॉकवेल केंटच्या चित्रांचा लेकसाइड प्रेसचा १९३०चा ‘मोबी-डिक’. तीन खंड, १,००० प्रती, ॲल्युमिनियमची स्लिपकेस, आणि तरीही ती सहीची आवृत्ती म्हणून निघालेली नाही. मर्यादित म्हणजे सहीचे नव्हे, आणि सहीचे म्हणजे लेखकाच्या सहीचे नव्हे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

मग बेंटनच्या सहीला किंमत का? मिसुरीत जन्मलेला हा चित्रकार (१८८९–१९७५) मध्य-पश्चिमेतली शेते, धूळ, राबणारी माणसे रंगवण्यासाठी ओळखला जातो. या कादंबरीवरच्या चित्रपटासाठीही त्याने पात्रांचे लिथोग्राफ केले होते. कादंबरीतल्या, ओक्लाहोमातून देशोधडीला लागलेल्या ‘जोड’ आडनावाच्या कुटुंबाला याच्याइतका जवळचा चित्रकार सापडणे कठीण. क्लबसाठी त्याने या संचाखेरीज इतरांबरोबर ट्वेनचीही तीन पुस्तके केली : ‘टॉम सॉयर’ १९३९, ‘हकलबेरी फिन’ १९४२, ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ १९४४. सभासदाला सहसा प्रत्येक पुस्तकाची एकाच क्रमांकाची प्रत मिळे. त्यामुळे बेंटनची पुस्तके एकाच क्रमांकाची जमवण्याचा नाद काहींना असतो. तो नाद नसेल तर क्रमांक १२ आणि क्रमांक ९१२ यांत या आवृत्तीपुरता फारसा फरक मानू नये. लहान आकड्यासाठी जादा पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे.

आधी भावंड ओळखा

मेसीनेच १९३५ मध्ये हेरिटेज प्रेस काढला. क्लबच्या पुस्तकांची स्वस्त, संख्येचे बंधन नसलेली आवृत्ती तिथून निघे. बेंटनची हीच चित्रे घेऊन ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ची हेरिटेज आवृत्तीही १९४० सालचीच आहे. वर्ष तेच, चित्रे तीच, कादंबरी तीच, आणि स्लिपकेसही असते. फोटोवरून घाईने पाहणारा चकतो.

फरक ओळखायला पुस्तक हातात लागत नाही. क्लबचा संच दोन खंडांचा, कोलोफन म्हणजे छपाईची माहिती देणारे पान असलेला, त्यावर हाताने क्रमांक आणि सही. हेरिटेजची प्रत बिनक्रमांकाची आणि बिनसहीची. आत जपून ठेवलेला कागदही बोलतो. क्लब पुस्तकासोबत ‘मंथली लेटर’ नावाचे पत्रक पाठवी, हेरिटेजच्या पत्रकाचे नाव ‘सँडग्लास’. फोटोत कुठेही सँडग्लास दिसले तर विक्रेत्याने दोन पुस्तकांची माहिती एकत्र केली आहे, किंवा पत्रक दुसरीकडून आले आहे. दोन्ही बाबतींत पुढचे प्रश्न वाढवावेत.

एक चोरवाटही आहे. हेरिटेजच्या प्रतीवर बेंटनने कधीकाळी कोणासाठी खरोखर सही केलेली असू शकते. ती सही खरी, पण आवृत्ती मर्यादित नव्हे. “सही केलेले, १९४०” हे वर्णन अशा प्रतीलाही चपखल बसते.

आपल्या प्रकरणात दोन खंड आणि कोलोफन फोटोत स्पष्ट आहेत, म्हणून हेरिटेजचा संशय इथेच संपतो.

विक्रेत्याकडून मागवायचे फोटो

सहा फोटोंवर निर्णय होत नाही. पुढील फोटो मागवले :

- कोलोफनचे पान सरळ वरून, आणि नंतर एका बाजूने टॉर्च आडवी धरून
- दोन्ही खंडांचे चारही पुठ्ठे, वेगवेगळे
- दोन्ही खंडांचे आतले अस्तराचे कागद, पुढचे आणि मागचे
- पुस्तके टेबलावर उभी करून वरून घेतलेला फोटो, म्हणजे पुठ्ठे वाकले आहेत का ते कळते
- दोन्ही खंडांच्या पानांच्या वरच्या कडा शेजारी शेजारी
- स्लिपकेसच्या पाचही बाजू आणि आतला तळ

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. पिवळ्या दिव्याखाली कच्च्या कातड्याचा रंग कळत नाही आणि डाग लपतात. चांगला विक्रेता असे फोटो दोन दिवसांत पाठवतो. “वर्णनात सगळे आहे” असे उत्तर आले तर तेही उत्तरच आहे.

सही : तासाभराचे काम

संच हातात आल्यावर दहापट भिंग घेऊन पाहायचे. हाताने केलेल्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत उतरते. रेघा एकमेकींना छेदतात तिथे गडदपणा बदलतो, वळणावर जोर कमीजास्त होतो. पेन्सिल असेल तर ग्रॅफाइट तंतूंच्या माथ्यावर चमकते आणि आडव्या उजेडात खाच दिसते. छापलेली सही सपाट असते, कडा एकसारख्या, आणि तिची काळी शाई शेजारच्या मजकुराच्या शाईशी जुळते. छपाईच्या जाळीचे ठिपके दिसले तर प्रश्नच मिटला.

वळण ताडायचे ते याच आवृत्तीच्या इतर प्रतींशी, लिलावांच्या जुन्या नोंदींतून चार-पाच फोटो काढून. बेंटनच्या चित्रांवरच्या सहीशी ताडू नये. हजाराहून अधिक कागदांवर ओळीने सही करणाऱ्याचा हात वेगळा चालतो. सही आखूड होते, अक्षरे एकमेकांत जातात. चित्राखालची सही सावकाश केलेली असते. हा फरक न कळल्याने अस्सल प्रती परत पाठवणारेही असतात.

मग पानच तपासायचे. क्लबच्या पुस्तकांत कोलोफनचे पान सहसा छापील फर्म्याचाच (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) भाग असते, सुटे आणून चिकटवलेले नसते. पान जिथे कण्यात शिरते तिथे हळूच उघडून डिंकाची रेघ दिसते का पाहावे. अलीकडच्या चामडी बांधणीच्या अनेक सहीवाल्या आवृत्त्यांत नेमके उलटे असते. तिथे सुटे कागद लेखकाकडे पाठवून सह्या घेतात आणि बांधताना चिकटवतात, त्यामुळे तिथे चिकटवलेले पान हा दोष नव्हे. कोणत्या प्रकाशकाची रीत कोणती, हे माहीत नसेल तर दोन्हीकडे चुकीचा निष्कर्ष निघतो.

सोबत आलेल्या सुट्या ‘खात्रीच्या प्रमाणपत्रा’ला या आवृत्तीत फार अर्थ नाही. छापील कोलोफनच सांगतो की प्रती किती आणि सही कोणाची. प्रमाणपत्र कोणत्याही पुस्तकात ठेवता येते.

या प्रतीत सही अस्सल ठरते, आणि स्लिपकेसवर हाताने लिहिलेला क्रमांक कोलोफनशी जुळतो. इथवर सगळे छान.

दोन खंड एकमेकांचेच का?

खरा गुंता इथे सुरू होतो. क्रमांक आणि सही दोन्ही एकाच जागी, दुसऱ्या खंडाच्या अखेरीस. पहिल्या खंडावर कुठेच ओळख नाही. म्हणजे कोणाच्या संचाचा पहिला खंड पाण्याने भिजला, कोणाच्या दुसऱ्या खंडाची पाने फाटली, आणि विक्रेत्याने उरलेले दोन एकत्र आणले, तर क्रमांकावरून ते कळणार नाही. अशा जोडलेल्या संचाला लग्न लावलेला संच म्हणतात. लग्न झालेले असणे हा गुन्हा नाही, न सांगणे हा आहे.

या प्रतीत संशयाला तीन जागा सापडल्या. पहिली, कण्यांचा रंग. पहिल्या खंडाचा कणा गडद मधासारखा, दुसऱ्याचा फिकट हस्तिदंती. दुसरी, बुकप्लेट. दुसऱ्या खंडात पुढच्या अस्तराच्या कागदावर जुन्या मालकाची छापील चिठ्ठी आहे, पहिल्यात नाही. तिसरी, पहिल्या खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला साधारण दोन सेंटिमीटरचा उडालेल्या रंगाचा पट्टा आहे.

रंगाचा फरक एकट्याने काही सिद्ध करत नाही. एकाच जनावराच्या पाठीचे आणि पोटाचे कातडे सारखे नसते. नवे कोरे असतानाही दोन कणे वेगळे दिसू शकतात. पट्टा मात्र बोलका आहे. तो पडतो तेव्हा पुस्तक स्लिपकेसबाहेर, आपल्याहून बुटक्या पुस्तकाला टेकून, वर्षानुवर्षे उजेडात उभे असते. म्हणजे पहिला खंड पेटीबाहेर राहिला आणि दुसरा नाही. याला एक निरागस खुलासा आहे : पहिला खंड वाचायला काढला आणि दुसऱ्याची पाळीच आली नाही. दोन खंडांच्या कादंबऱ्यांचे असे होते.

घासल्याच्या खुणा ताडताना एक चूक बहुतेक जण करतात. पुस्तके कणा आपल्याकडे करून उभी असली, पहिला खंड डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, तर पहिल्याचा पुढचा पुठ्ठा दुसऱ्याच्या मागच्या पुठ्ठ्याला लागतो. पहिल्याचा मागचा आणि दुसऱ्याचा पुढचा हे दोन पेटीच्या भिंतींना घासतात. कपाटातल्या खंडांतून जाणाऱ्या किड्याचे जुने कोडे याच गोष्टीवर उभे आहे. संच कायम एकत्र राहिला असेल तर भिंतीकडच्या दोन पुठ्ठ्यांवर घासणे सारखे असायला हवे. इथे दुसऱ्या खंडाचा पुढचा पुठ्ठा झिजलेला आणि पहिल्याचा मागचा जवळपास न घासलेला. पेटीबाहेर राहिल्याच्या खुलाशाशी हेही जुळते, म्हणून पुरावा अजून दोन्हीकडे झुकतो.

बुकप्लेटने पारडे हलवले. संग्राहक एकाच खंडात चिठ्ठी लावणार असेल तर पहिल्या खंडात लावतो. पहिल्यातली काढून टाकली असेल तर खूण राहते : आडव्या उजेडात खळीचा खरखरीत चौकोन, किंवा समोरच्या पानावर आम्लामुळे उतरलेली तपकिरी सावली. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली जुनी खळ बहुधा वेगळी चमकते. इथे तिन्ही तपासण्या कोऱ्या गेल्या. पहिल्या खंडात चिठ्ठी कधी नव्हतीच.

त्याच टॉर्चने आणखी एक काम उरकले. कागद झळझळीत निळा करणारी रसायने कागदात सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४०च्या पुस्तकात एखादे पान किंवा अस्तर निळेशार चमकले तर ते नंतर घातलेले. दोन्ही खंडांत असे काही नाही.

निष्कर्ष : लग्न लागलेले असण्याचा संभव जास्त, सिद्ध नाही. पहिला खंड याच आवृत्तीचा आहे, यात शंका नाही.

कच्चे कातडे

क्लबने या संचाला कण्यासाठी न कमावलेले कातडे वापरले आणि पुठ्ठ्यांवर गवताच्या धाग्यांचे कापड लावले. कादंबरीला शोभणारी निवड, पण जपायला अवघड.

कमावलेल्या चामड्यात टॅनिन तंतूंना घट्ट बांधून ठेवते. कच्च्या कातड्यात ते नसते, म्हणून ते हवेतले पाणी पितं आणि सोडतं. हलगी वाजवण्यापूर्वी जाळावर शेकतात ती का, हे ज्याला माहीत आहे त्याला या बांधणीची वेगळी समजूत द्यायला नको. दमट हवेत कातडे सैल पडते, कोरड्या हवेत आखडते. हलगीचे कडे लाकडाचे किंवा धातूचे, ते ओढ सोसते. पुस्तकात ती ओढ पुठ्ठ्यावर येते आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वळतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत हिवाळ्यात भट्टीच्या ऊबेने घरातली आर्द्रता २०–२५ टक्क्यांपर्यंत खाली जाते. ऐंशीहून अधिक हिवाळे असे काढलेल्या प्रतीचे पुठ्ठे सरळ असतील तर ते नशीब.

या प्रतीत पहिल्या खंडाचा पुढचा पुठ्ठा मोकळ्या कडेला सुमारे ६ मिलिमीटर उचललेला आहे. सांधे धड आहेत, फाटलेले नाहीत. हे दुरुस्त होण्याजोगे आहे, पण नेहमीचे घरगुती उपाय इथे उलटतात :

वजन लगेच ठेवायचे नाही. कोरड्या, ताठ कातड्यावर वजन दिले की ओढ सांध्यावर जाते आणि तिथे चीर पडते. वाफ किंवा ओला कपडा तर मुळीच नाही. पाणी लागलेले कच्चे कातडे सुकताना आधीपेक्षा जास्त आखडते, आणि चित्रांच्या पानांना लाटा येतात. चामड्याला लावायचे तेल, लॅनोलिन, पॉलिश या कमावलेल्या चामड्याच्या गोष्टी. कच्च्या कातड्यावर त्यांचे तेलकट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. ‘पोसलेला कणा’ असे वर्णन दिसले तर त्या प्रतीपासून दूर राहावे.

करायचे ते एवढेच : ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रतेच्या खोलीत खंड पेटीबाहेर काढून आडवे ठेवायचे, दोन ते तीन आठवडे. पुठ्ठा बराचसा आपण होऊन खाली येतो. त्यानंतर वर पांढरा जाड कागद, त्यावर लोकरीचा नमदा, त्यावर अर्धा ते एक किलो वजन, महिनाभर. तरी उरले तर पुस्तकसंवर्धकाकडे द्यावे.

गवती कापडाची तऱ्हा निराळी. कोपऱ्यांवर धागे सुटतात आणि स्लिपकेसमध्ये सरकवताना त्यांची टोके अडकून आणखी उसवतात. सुटलेला धागा ओढू नये, कापूही नये. कोपरा आत सरकवताना पातळ कागदाची पट्टी मध्ये धरली तर पुढचे नुकसान थांबते. धूळ मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने काढायची. चिकटपट्टीचा रोलर कधीही नाही.

चित्रांत पाहायचे ते समोरच्या पानावर उतरलेली शाई आणि तपकिरी ठिपके. चित्रे मोजून क्लबच्या १९२९ ते १९८५ या काळातल्या पुस्तकांच्या संदर्भसूचीशी ताडावीत. बेंटनची चित्रे चौकटीत लावण्यासाठी कापून नेणारे लोक आहेत. या प्रतीत चित्रे पूर्ण आहेत.

स्लिपकेस आणि पत्रक

पेटीची वरची कड एका बाजूने सुमारे ९ सेंटिमीटर उसवलेली. हे फार नेहमीचे आहे. दोन जड खंड आत, वरून कण्याला बोट घालून ओढले की सारा ताण तिथेच येतो. काढायची रीत : पेटी पुढे कलती करून खंड तळहातावर सरकू द्यायचे. उसवलेली कड जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधता येते. सेलोटेप लावलेली पेटी न लावलेलीपेक्षा वाईट, कारण डिंक पुढे कापडावर उतरतो.

नवी कप्प्याची पेटी करून घेतली तर पुस्तक सुरक्षित राहते, पण मूळ स्लिपकेस टाकून देऊ नये. त्यावरचा क्रमांक हा पुरावा आहे. मंथली लेटर या संचात नाही. ते वेगळे विकत मिळते, पण दुसऱ्या प्रतीचे पत्रक आत ठेवले तर तशी नोंद असावी.

किमतीचा हिशेब

मागितलेल्या आकड्यांवरून भाव ठरवू नये. त्या आकड्यांना कोणी घेतले नाही म्हणून तर ते दिसत आहेत. लिलावात विकल्या गेलेल्या प्रती पाहाव्यात, आणि त्या भावात खरेदीदाराचे कमिशन मिळवलेले आहे का तेही. अमेरिकी लिलावगृहांत ते साधारण २० ते २८ टक्के असते. एका नोंदीत ते धरलेले आणि दुसरीत नाही, अशी तुलना निरर्थक ठरते.

धड स्लिपकेस, सरळ पुठ्ठे, पत्रकासह संचाचा भाव १०० धरला. विक्रेत्याने १०० मागितले होते. वजावट अशी केली : पुठ्ठ्याचे वळण १०, पेटीची दुरुस्ती ५, पत्रक नाही ५, लग्नाचा संभव १०. पोहोचला ७० वर. ही टक्केवारी बाजाराचा नियम नव्हे, बोलणी करताना प्रत्येक आकड्यामागे फोटो दाखवता यावा यासाठीची मांडणी आहे. लग्नाला २० टक्के कापावेत असे मानणारेही आहेत. पण इथे दोन्ही खंड एकाच आवृत्तीचे, पहिल्यावर परका क्रमांक नाही, आणि संभव सिद्ध झालेला नाही. प्रत्येक खंडावर क्रमांक असता आणि ते जुळले नसते, तर ४० टक्के कापूनही हा संच घेण्याजोगा नव्हता. परतीच्या मुदतीतच सौदा ७४ वर ठरतो, आणि पावतीवर “खंड १ वेगळ्या संचातला असण्याची शक्यता” हे शब्द लिहून घेतले जातात. नंतर विकताना हा कागद उपयोगी पडतो, आणि विमा कंपनीलाही हाच लागतो.

प्रवास आणि पहिला महिना

पॅकिंगच्या सूचना विक्रेत्याला संच तपासणीसाठी मागवतानाच लेखी द्याव्यात. खंड पेटीत ठेवून पाठवू नयेत, कारण धक्क्याने तेच पेटी फाडतात. प्रत्येक खंड आम्लमुक्त कागदात, मग पातळ पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. स्लिपकेसच्या पोकळीत फोम. बबलरॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला, कारण आत आले तर कातड्यावर गोल ठसे उठतात. मग बंद प्लास्टिक पिशवी, आतला खोका, बाहेरचा खोका, मध्ये सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण. अमेरिकेच्या टपालातला पुस्तकांचा स्वस्त ‘मीडिया मेल’ दर इथे नको. तो सावकाश जातो आणि तपासणीसाठी पार्सल उघडले जाऊ शकते. विमा पूर्ण रकमेचा, पोहोच सहीने.

थंडीत आलेला खोका २४ तास बंदच ठेवायचा. बर्फाळ ट्रकमधून ऊबदार खोलीत आलेल्या पुस्तकावर दव धरते. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो. परतीच्या १४ दिवसांतले पहिले तीन दिवस सही, पाने आणि खंडांची तपासणी. पुठ्ठ्याचे काम त्यानंतर, कारण ते सुरू केले की “आला तसा परत” म्हणता येत नाही.

ठेवायची जागा : तापमान १८ ते २१ अंश, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, बाहेरच्या भिंतीपासून दूर. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. दिवसभर ६० आणि रात्री ४० होणारी खोली कायम ५८ असलेल्या खोलीपेक्षा वाईट. साधी निळी सिलिका जेल कपाटात टाकली तर ती हवा फार कोरडी करते आणि पुठ्ठा पुन्हा उचलतो. ५० टक्क्यांवर आधीच तयार केलेली जेल मिळते, ती वापरावी.

असा संच मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत आणायचा विचार असेल तर उलट बाजूचा धोका धरावा. पावसाळ्यात घरातली आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते आणि ६५च्या वर बुरशी धरायला वाव मिळतो. कच्चे कातडे आणि खळ दोन्ही बुरशीचे आवडते. रात्री एसी आणि दिवसा बंद खिडक्या हा सर्वांत वाईट प्रकार, कारण कातडे रोज एकदा आखडते आणि एकदा सुटते. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत ५० टक्क्यांची जेल आणि ३०० रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक, हे एसीपेक्षा बरे. मापक वर्षातून एकदा मिठाच्या पाण्याने तपासावा : बंद डबीत ओलसर मिठाशेजारी काही तास ठेवला की ७५ दाखवायला हवे. सीमाशुल्काचेही धरावे. भारतात छापील आयात पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात ५ टक्के शुल्क लागले. चालू दर आणि कुरिअरचा हाताळणी आकार पाठवण्याआधी लेखी मागून घ्यावा.

सहा-सात आठवड्यांनी या प्रतीचा पुठ्ठा ६ मिलिमीटरवरून २ वर येतो आणि तिथेच थांबतो. तो तसाच ठेवला जातो. उसवलेली कड संवर्धकाकडून सांधून घेतली जाते. पुस्तकात पेन्सिलनेही काही लिहिले जात नाही. फोटो, पावती आणि तपासणीचा कागद वेगळ्या पाकिटात राहतात. त्या कागदावरची नोंद अशी : लिमिटेड एडिशन्स क्लब, १९४०, दोन खंड, सही चित्रकार बेंटन यांची, खंड २ मध्ये, स्लिपकेस मूळ, वरची कड दुरुस्त, खंड १चा पुढचा पुठ्ठा २ मिमी वळलेला, मंथली लेटर नाही, दोन्ही खंड एकाच मूळ संचातले असल्याची खात्री नाही.